डबल एन्ट्री

आमच्या धंद्यात प्रत्येक व्यवहाराची नोंद दोनदा व्हावीच लागते. 1494 साली लुका पाचोली नावाच्या एका इटालियन साधूने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची ही पद्धत पुस्तकात छापली, आणि तेव्हापासून जगभरचे कारकून नावे आणि जमा करत बसले आहेत. मीही वीस वर्षं तेच करतोय. तेव्हा एखादी गोष्ट दोनदा आली तर मी तक्रार करू नये. पण मागे एका रविवारी आमच्या संगणकाने चहा ते अंघोळ एवढ्या अवधीत एकच भावगीत तीनदा वाजवलं, आणि स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "अहो, तबकडी अडकली का?"

तबकडी कुठली! संगणकात दोन हजार गाणी आहेत. निम्मी आमच्या अण्णांच्या कॅसेटींवरून उतरवलेली, बाकीची मिळतील तिथून गोळा केलेली. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. चार दिवस रजा टाकून मी ही खतावणी जुळवायला बसलो.

इतिहास पाहिला तर गंमत वाटते. माणसाची सगळी धडपड गाणं पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून होती. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान ग्रामोफोनच्या भोंग्यात गायल्या. तबकडीवर मावायची जेमतेम तीन मिनिटं. त्यातही शेवटी त्या आपलं नाव इंग्रजीत सांगून टाकत. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हानोव्हरला; तिथल्या कारागिराला कोण गायलं ते कळावं म्हणून ही सोय, असं सांगतात. कारकुनी दृष्टीने ही बाई मला फार थोर वाटते.

1955 साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा माडगूळकरांचं आणि बाबूजींचं नवं गाणं आठवड्याला एकच मिळे. 56 गाण्यांना वर्ष लागलं. अण्णा तेव्हा शाळकरी. घरी रेडिओ नव्हता म्हणून शेजाऱ्यांच्या खिडकीखाली उभे राहत. "त्या एका गाण्यावर आठवडा निघायचा," असं सांगत.

1963 साली फिलिप्सने कॅसेट आणली. आमच्या घरी ती पोचायला 1984 उजाडलं. अण्णा टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवून गाणी टिपत. तेवढा वेळ घरात खोकायलाही बंदी!

संगणकावरच्या गाण्याला नावगाव चिकटवायची युक्ती 1996 साली निघाली. तीही गौहर जानसारखीच: शेवटी सांगायचं. फाइलच्या शेपटाला 128 बाइटांची चिठ्ठी, त्यात गाण्याच्या नावाला जागा 30 अक्षरांची. संगीतप्रकारांच्या 80 नावांच्या यादीत पोल्का होता (आपलं पोलकं नव्हे, नाच), पण भावगीत नव्हतं. परिणामी ते एकच गाणं माझ्याकडे चार नावांनी नांदत होतं: पहिल्या ओळीने, गायिकेच्या नावाने, 'अविस्मरणीय भाग 2' म्हणून आणि नुसतं 'ट्रॅक 01' म्हणून. एका खातेदाराची चार खाती!

मी आधी संशय घेतला होता तो पिसण्यावर. हाउसीत निघालेला आकडा पुन्हा पिशवीत टाकत नाहीत. टाकला तर काय होईल? दोन हजार गाण्यांतून दर वेळी नव्याने चिठ्ठी काढली, तर 53 गाण्यांत एखादं पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. म्हणून चिठ्ठी परत टाकू नये. फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी 1938 सालीच अशी रीत छापून ठेवली आहे. माणूस मात्र त्यानेही खूश होत नाही. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ आली की त्याला लबाडी वाटते. 2014 साली स्पॉटिफायने एका गायकाची गाणी मुद्दाम लांब लांब ठेवायची व्यवस्था केली. म्हणजे पिसणं खरं वाटावं म्हणून त्यात लबाडी घातली. पण पिशवीतच एका आकड्याच्या चार चिठ्ठ्या असतील, तर पिसणारा काय करणार?

तेव्हा चारही प्रती ओळीने ऐकल्या. तीन स्वच्छ. 'ट्रॅक 01' सगळ्यांत वाईट. खरखर, पहिले दोन शब्द गायब. दुसऱ्या कडव्यात दाराची कडी वाजते आणि अण्णांचा दबका आवाज येतो, "अगं, हळू! टेप चालू आहे." मागे आईचं हसू.

स्वच्छ प्रतींतल्या दोन पुसल्या. चौथीपाशी संगणकाने विचारलं, दुबार नोंद काढून टाकायची का? बँकेत ज्या रकमेचं खातं ठरत नाही ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. त्या नावाचा एक फोल्डर उघडून मी ती तिथे ठेवली.

पुढच्या रविवारी स्वच्छ प्रत वाजून गेल्यावर मी मुद्दाम ती लावली.

"अहो, हे आत्ताच झालं ना?" म्हणत सौ. लाटणं घेऊनच बाहेर आली.

"झालं. पण हे वेगळं आहे."

दुसऱ्या कडव्यापर्यंत ती दारात उभी राहिली. मग म्हणाली, "पुन्हा लावा."