मोठा कॅमेरा, लहान कॅमेरा आणि दगडावरचे अक्षर

गावोगावचे वीरगळ, शिलालेख आणि मोडी कागद यांच्या मागे फिरणाऱ्या आम्हा हौशी अभ्यासकांत एक प्रश्न दर दोन-चार वर्षांनी नव्याने निघतो. हाताशी पैसे बेताचे आहेत; त्यांत वापरलेला जुना डीएसएलआर घ्यावा, की खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा? दुकानदाराच्या लेखी हा किमतीचा प्रश्न आहे. मला तो इतिहासाचा वाटतो. एक तर आपल्याकडे तो दीडशे वर्षांहून अधिक काळ वेगवेगळ्या रूपांत पडत आला आहे. आणि दुसरे म्हणजे, त्याच्या उत्तरावर कोणता पुरावा टिकेल आणि कोणता जाईल हे बऱ्याच अंशी ठरते.

मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी. तीन वर्षांपूर्वीच, १८५१ मध्ये, फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली होती. काच रसायनाने माखायची, ओली असतानाच तिच्यावर चित्र घ्यायचे आणि वाळण्याआधी धुवायचे. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या एवढे सगळे आलेच. त्यात चित्र मोठे करण्याची सोपी सोय नव्हती. काच कागदावर ठेवून उन्हात छाप घ्यायची, त्यामुळे जेवढी काच तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे तर कॅमेराही तेवढाच मोठा, आणि तो वाहणारी माणसे वेगळी.

मेजर रॉबर्ट गिल यांची कथा येथे उपयोगी पडते. कंपनी सरकारने १८४४ मध्ये त्यांना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. वर्षानुवर्षे राबून त्यांनी मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात नकला केल्या आणि त्या लंडनला पाठवल्या. सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या लावलेल्या असताना डिसेंबर १८६६ मध्ये आग लागली आणि बहुतेक नकला जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत गेल्या. पण गिल यांनी मधल्या काळात कॅमेराही हाती घेतला होता, आणि तो होता दोन भिंगांचा, छोटी जोडचित्रे घेणारा. त्या चित्रांचे ‘द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये निघाले. आत ७४ छायाचित्रे आहेत. तळहाताएवढ्या या छापा प्रतीप्रतीत चिकटवलेल्या असल्यामुळे त्या एका आगीत संपल्या नाहीत.

जोडचित्रांचा कॅमेरा घेण्यात सोयीपलीकडे एक भौतिक कारणही होते. काच लहान असली की भिंगाची नाभीय लांबी कमी लागते. अशा भिंगातून जवळचे आणि दूरचे दोन्ही एका वेळी स्पष्ट येते, आणि त्यासाठी छिद्र फार लहान करावे लागत नसल्याने वेळही कमी लागतो. अंधाऱ्या लेण्यात, पुढच्या खांबापासून मागच्या स्तूपापर्यंत सगळे एका चित्रात आणायचे असेल, तर हा गुण मोठा. आज खिशातल्या कॅमेऱ्याची जी जमेची बाजू सांगतात ती हीच.

नंतर १९२५ मध्ये जर्मनीत लायका बाजारात आला आणि २४ × ३६ मिलिमीटरची निगेटिव्ह रूढ झाली. लहान निगेटिव्ह घ्यायची आणि चित्र मागाहून मोठे करायचे, असा व्यवहार सुरू झाला. मोठेपणाचे ओझे पाठीवरून उतरले. ते भिंगाच्या आणि फिल्मच्या गुणवत्तेवर जाऊन पडले. डिजिटल काळात ते सेन्सरवर आले आहे.

आता आमच्या प्रश्नाकडे येतो. बोलणे हवेत राहू नये म्हणून दोन ठरावीक कॅमेरे घेतो. दोन्ही मी वापरतो आणि दोन्ही आज जुन्याच बाजारातले. एक निकॉन डी ७०, सन २००४चा. त्याचा सेन्सर २३.७ × १५.६ मिलिमीटर आणि चित्र ३००८ × २००० बिंदूंचे, म्हणजे सहा मेगापिक्सेल. लेन्ससह वजन सुमारे एक किलो. दुसरा सोनी आरएक्स १००, सन २०१२चा. सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटर, चित्र ५४७२ × ३६४८ बिंदूंचे, म्हणजे वीस मेगापिक्सेल. वजन २४० ग्रॅम. क्षेत्रफळात पहिल्याचा सेन्सर तिप्पट, बिंदूंत दुसरा तिपटीहून अधिक.

या आकड्यांवरून लगेच निकाल देऊ नये. आधी वस्तू मोजावी. समजा शिलालेख दीड मीटर रुंद आहे आणि अक्षरे तीन सेंटिमीटर उंचीची. डी ७० मध्ये दर मिलिमीटरला दोन बिंदू येतात, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला साठ. आरएक्स १०० मध्ये एकशे नऊ. वाचनाला साठही पुरतात. कागदाचे गणित मात्र वेगळे. ए-४ आकाराचे मोडी पान चौकटीत पूर्ण बसवले, तर पहिल्यात इंचाला सुमारे २४० बिंदू पडतात, दुसऱ्यात सुमारे ४४०. बोरूच्या बारीक फाट्याला आणि पुसट झालेल्या शाईला २४० कमी पडतात. मग पान दोन तुकड्यांत घ्यावे लागते. म्हणून दगडासाठी बिंदू मोजत बसण्यात अर्थ नाही, कागदासाठी आहे.

दगडाला लागतो तो तिरपा प्रकाश. जुने अभ्यासक दगडावर ओला कागद बसवून, तो कुंच्याने ठोकून आणि वरून शाई फिरवून ठसा घेत. ठसा मूळ मापाचा येतो आणि त्याला प्रकाशाची गरज नसते. छायाचित्र मात्र पूर्णपणे सावलीवर अवलंबून. समोरून ऊन पडले की झिजलेले अक्षर सपाट होऊन जाते. तेच ऊन बाजूने, दगडाला जवळजवळ चाटून आले की खोदकामाच्या कडेला सावली धरते आणि रेघ उठून दिसते. सकाळ-संध्याकाळची वेळ साधली तर उत्तमच, पण एसटी आपल्याला भर बारालाच गावात उतरवते.

अशा वेळी जुन्या डीएसएलआरचा उपयोग कळतो. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, दगडाच्या एका बाजूला खाली धरता येतो. डी ७० मध्ये फ्लॅशबरोबर शटर १/५०० सेकंदापर्यंत चालते, आणि पडदा-शटरच्या कॅमेऱ्यांत हे विरळा. शटर जितके जलद तितके ऊन कमी येते. फ्लॅशचा लखलखाट मात्र त्याहून अल्प काळाचा असल्याने तो कापला जात नाही. शेजारच्या माणसाने छत्रीची सावली धरली, फ्लॅश तिरपा मारला, की भर दुपारी संध्याकाळची सावली मिळते. आरएक्स १०० ला बाहेरचा फ्लॅश बसवायची खाच नाही. त्यावर माझा तोडगा म्हणजे दाढीचा आरसा. दगड सावलीत ठेवायचा, आरसा उन्हात धरायचा आणि कवडसा बाजूने फेकायचा. चारही दिशांनी चार चित्रे घ्यायची, कारण एका दिशेने दिसणारी रेघ दुसऱ्या दिशेने दडते. आरसा कोणाच्याही घरी मिळतो, आणि धरायला पोरे तयारच असतात. उणीव एवढीच की या कॅमेऱ्याला डोळा लावून पाहायची खिडकी नाही. उन्हात मागचा पडदा काळा दिसतो.

वाड्यातल्या कागदांपाशी आणखी एक गोष्ट आड येते. इनामाचे, वतनाचे कागद म्हटले की घरात जमिनीची आठवण आणि भाऊबंदकीची धास्ती असते. खांद्यावर मोठा कॅमेरा घेऊन ओसरीवर गेलो की पहिला प्रश्न येतो, “कोणत्या पेपरकडून आलात?” रुमाल सुटता सुटता पुन्हा बांधला गेल्याचे मी पाहिले आहे. लहान कॅमेरा चहाच्या कपाशेजारी ठेवला तर कोणाचे लक्ष जात नाही. शटरचा आवाजही जवळजवळ होत नाही. अर्थात चोरून चित्र घेण्यासाठी हा गुण नव्हे. परवानगी दोन्ही कॅमेऱ्यांना सारखीच घ्यावी. लहान कॅमेऱ्याने ती मागताना घरधन्याला भीती वाटत नाही, एवढेच.

मग मोबाइल का नको, असे तरुण मंडळी विचारतात. नोंदीसाठी तो जरूर वापरावा. जागा आणि वेळ तो आपोआप लिहून ठेवतो. वाचनासाठी मी बिचकतो. मोबाइल एकामागून एक चित्रे घेऊन त्यांचे मिश्रण करतो, ठिपके पुसतो, कडा धारदार करतो. चेहऱ्याला ते शोभते. झिजलेल्या दगडावर मात्र छिन्नीची रेघ कोणती आणि पावसाने पडलेली भेग कोणती, हाच तर वाद असतो. तिथे यंत्राने आधीच निवाडा केलेला मला चालत नाही. शकाच्या आकड्यात १ आणि ९ यांत एका वळणाचा फरक असतो, आणि तेवढ्यावर लेख शतके पुढे-मागे सरकतो. वरच्या दोन्ही कॅमेऱ्यांत सेन्सरची कच्ची फाइल जशीच्या तशी ठेवता येते. जुना कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलपेक्षा मी ही सोय आधी पाहतो.

ज्याला एकच कॅमेरा परवडतो त्याला मी लहान घ्यायला सांगतो. आमच्याकडचे वीरगळ वाट पाहत नाहीत. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, जुनी शिळा नव्या ओट्याखाली जाते किंवा तिच्यावर ऑइलपेंट चढतो. हे कळते ते लग्नाला किंवा बाजाराला गेलेले असताना. त्या दिवशी एक किलोचा कॅमेरा घरी कपाटात असतो, लहान खिशात असतो. तो घरच्या मोबाइलच्या चार्जरवर चालतो, हेही खेड्यात महत्त्वाचे. उलट डी ७० ला लागणारे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि ते वाचणारा रीडर शोधावा लागतो. छोट्या कॅमेऱ्याचा धोका म्हणजे आत-बाहेर होणारी लेन्स: एकदा धूळ आत गेली की ती काढायला कॅमेरा उघडावा लागतो. म्हणून त्याला झिपची पिशवी हवीच.

मोठा कॅमेरा मी दुसऱ्या फेरीसाठी ठेवला आहे. पहिल्या फेरीत लहान कॅमेऱ्याने शिळा, तिची जागा आणि शेजारच्या खुणा टिपतो. मोजपट्टी चौकटीत ठेवतो, शिळेचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते वहीत लिहितो. लेख वाचण्याजोगा वाटला तर पुढच्या वेळी फ्लॅश, छत्री आणि एक सोबती घेऊन जातो. घरी आल्यावर फाइलींच्या तीन प्रती करतो: एक माझ्याकडे, एक दुसऱ्या गावच्या मित्राकडे आणि एक त्या गावच्या शाळेत. शाळेत मात्र कागदावर छापूनच देतो, खाली गावाचे नाव आणि तारीख घालून.