उभ्या जागी चाललेली माणसं

शेजारच्या आजींचं माहेरचं आडनाव वॉकर. पश्चिम यॉर्कशरमध्ये, हडर्सफील्डच्या डोंगरउतारावर आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. त्यांच्या घराण्यात एक गोष्ट चालत आलेली: मूळपुरुष मोठा चालणारा, ऊनपावसात मेंढरांमागे डोंगर ओलांडणारा, म्हणून आपण वॉकर. आजींचे आजोबा मात्र हे ऐकलं की हात झटकायचे. म्हणायचे, ‘तो कुठंही गेला नाही. एका जागी उभा राहून चालला.’ आजोबांचा जन्म लोकरी कापडाच्या गिरणीत गेला होता आणि त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

मागावरून उतरलेलं लोकरी कापड लगेच अंगावर घालण्याजोगं नसतं. ते विरविरीत आणि तेलकट असतं, विणीतून उजेड दिसतो. त्याला पाण्यात घालून तासन्‌तास तुडवावं लागतं. ओल, ऊब आणि दाब मिळाला की लोकरीच्या तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात. कापड आटतं, दाट होतं, वारा अडवतं. मध्ययुगात हे काम पायांनी व्हायचं. कुंडात कापड घालायचं आणि वर उभं राहून दिवसभर पाय चालवायचे. असं तुडवणारा तो इंग्लंडच्या उत्तरेकडे ‘वॉकर’. जुन्या इंग्रजीतल्या ज्या क्रियापदापासून ‘वॉक’ आलं, त्याचा अर्थच मुळी लोळणं, घोळणं, इकडून तिकडे हेलकावणं असा होता. वाट चालण्याचा अर्थ त्याला पुढं चिकटला.

कुंडात नुसतं पाणी नसायचं. हा भाग आजी जराही न संकोचता सांगत. त्यांच्या पणजीच्या लहानपणी एक गाडीवाला पिंप घेऊन दारोदार फिरायचा आणि घरोघरची साठवलेली लघवी गोळा करून गिरणीला पोचवायचा. लघवी शिळी झाली की तिच्यात अमोनिया तयार होतो आणि तो कापडातलं तेल कापतो. रोमन लोकांनाही हे ठाऊक होतं. पाँपेईच्या अवशेषांत अशा तुडवणाऱ्यांचे कारखाने आजही बघायला मिळतात. मेथडिस्ट पंथाच्या घरांतल्या पिंपाला भाव जास्त, कारण ती मंडळी दारूला शिवत नसत, असंही आजी सांगायच्या. ही गोष्ट खरी मानायची की नाही ते वाचकांनी ठरवावं. त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना ती फार प्रिय आहे. मला मात्र त्या कुंडात उभ्या असलेल्या माणसाचे पाय डोळ्यांपुढून हलत नाहीत. आयुष्यभर त्या पाण्यात भिजलेले पाय. इतक्या अवघड कष्टाची खूण नावात वागवणारी आडनावं मला राजघराण्यांच्या आडनावांपेक्षा मोठी वाटतात.

याच कामाची इंग्लंडमध्ये तीन आडनावं झाली. उत्तरेला आणि मध्य भागात वॉकर, दक्षिण-पूर्वेला फुलर, नैर्ऋत्येला टकर. फुलर हा लॅटिन ‘फुलो’वरून आलेला, रोमन तुडवणाऱ्यांचा वारस. टकरच्या मुळाशी छळणं, हाल करणं असं क्रियापद आहे. कापडाचे हाल करणारा तो टकर. डेव्हनमधल्या एक्सेटर शहरात १४७१ साली उभा राहिलेला विणकर आणि टकर मंडळींच्या संघाचा ‘टकर्स हॉल’ अजून आहे. फुलर तर आपल्या न्हाणीघरात पोचलेला आहे. मुलतानी मातीच्या पाकिटावर इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ छापलेलं असतं. तेल शोषून घेणारी ही मातीच कापड तुडवताना कुंडात टाकत.

आता खरी नवलाची गोष्ट. टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघानं ११८५ साली आपल्या जमिनींची मोजदाद केली, तिच्यात कापड कुटणाऱ्या पाणचक्क्यांची नोंद सापडते. त्यांतली एक लीड्सजवळच्या न्यूसमची. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरायचं आणि लाकडी हातोडे कापडावर पडायचे. ई. एम. कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी १९४१ साली या बदलाला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटलं. उत्तरेत सामान्य माणसांची आडनावं बापाकडून मुलाकडे कायमची जाऊ लागली ती साधारण त्यानंतर, तेराव्या-चौदाव्या शतकांत. डोईपट्टीसाठी १३७९ साली यॉर्कशरमध्ये माणसांची यादी झाली, तोवर बऱ्याच ठिकाणी कापड हातोडेच कुटत होते. म्हणजे पाय कुंडातून बाहेर निघाले आणि मगच त्यांचं नाव वंशाला कायमचं लागलं. पाणचक्की चालवणारा, जो कदाचित कधीच कुंडात उतरला नव्हता, तोही वॉकरच. धंद्याचं नाव यंत्रानं पुसलं नाही. आज वॉकर हे ब्रिटनमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या वीस आडनावांपैकी एक आहे.

तुडवलेलं कापड मग माळावर लाकडी चौकटींना आकड्यांनी ताणून वाळवत. या चौकटींना म्हणायचं टेंटर. काळजीनं जीव टांगणीला लागलेल्या इंग्रज माणसाचा ‘ऑन टेंटरहुक्स’ हा वाक्प्रचार याच आकड्यांवरून आलेला आहे. उघड्यावरचं हे कापड म्हणजे चोराला आयतंच आमंत्रण. हडर्सफील्डजवळच्या हॅलिफॅक्सला तर साडेतेरा पेन्स किंवा त्याहून जास्त किमतीचा माल चोरणाऱ्याचं मुंडकं उडवायचा गावचा कायदा होता, आणि त्यासाठी फ्रेंच गिलोटिनच्या कितीतरी आधी उभारलेलं पातं होतं. ते शेवटचं चाललं १६५० साली. आजी मानेवरून बोट फिरवून ‘तेही आपल्याच कापडासाठी’ म्हणायच्या. त्या ‘आपल्या’मध्ये अभिमानही असायचा आणि लाजही.

वेबस्टर म्हणजे विणकर, लिस्टर म्हणजे रंगारी, शरमन म्हणजे तुडवलेल्या कापडाची लव कातरणारा. एका कोटामागची माणसं अशी आडनावांत विखुरलेली आहेत. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर कापड दाट करण्याचं काम बायका करत, टेबलाभोवती बसून, ओलं कापड आपटत, गेलिक गाणी म्हणत. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखीच ती गाणी हातांच्या तालावर बांधलेली आहेत.

आजी गेल्या. त्यांच्या आजोबांचं ते एक वाक्य मी ऐकून ठेवलं नसतं, तर नातवंडांना मेंढरांमागचा मूळपुरुषच खरा वाटत राहिला असता. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींना माझं सांगणं आहे. लँकशरमध्ये हेल्मशोर इथं १७८९ साली बांधलेली कापड कुटण्याची गिरणी संग्रहालय म्हणून जपलेली आहे. चाक आणि लाकडी हातोडे जागेवर आहेत. मुलांना घेऊन जा. आणि शेजारी कुणी म्हातारे वॉकर, फुलर किंवा टकर असतील, तर त्यांच्याकडे चहाला बसा आणि त्यांच्या आजोबांबद्दल विचारा.