घाटाचा फोटो आणि पाट्या वाहणाऱ्या बाया

आम्ही कामोठ्याच्या बाया. आज आम्ही फोटोंविषयी बोलणार आहोत, तेही रेडिओवर, जिथे तुम्हाला एकही फोटो दिसायचा नाही. हरकत नाही, आपण सांगून दाखवू.

पनवेलहून कर्जतमार्गे पुण्याला जाणारी गाडी बोरघाट चढायला लागली की डब्यातल्या बाया खिडकीकडे सरकतात. मोबाईल बाहेर निघतात. बोगद्यात अंधार, बोगदा संपला की दरी, धुकं, धबधबा. दोन बोगद्यांच्या मधे जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात फोटो काढायचा. याच घाटाचे फोटो दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका बाईने काढले होते. तिचं नाव अॅलिस ट्रेडवेल.

बोरघाटातल्या रेल्वेचं काम 1856 साली सुरू झालं. पहिल्या ठेकेदाराच्या हाताखालच्या मुकादमांनी मजुरी थकवली, म्हणून 1859 च्या जानेवारीत मजूर चिडून उठले. त्या ठेकेदाराने काम सोडलं. मग विलायतेहून सॉलोमन ट्रेडवेल नावाचे ठेकेदार आले, पण येऊन थोडेच आठवडे झाले आणि ते वारले. त्यांच्या बायकोने, म्हणजे अॅलिसबाईंनी, परत बोटीत न बसता ठेका आपल्या नावावर घेतला. दोन इंजिनीअर हाताशी धरून काम पुरं करून घेतलं. 25 बोगदे, 8 मोठे पूल. 1863 च्या एप्रिलमध्ये घाटातून गाडी सुरू झाली. या कामाच्या फोटोंचा एक संग्रह अॅलिसबाईंच्या नावाने ओळखला जातो. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

तेव्हा फोटो काढणं म्हणजे काय खटाटोप होता, तेही ऐका. फोटोची विद्या जगापुढे आली 1839 साली, पॅरिसमध्ये. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली 1854 मध्ये. तिच्यात साहेबलोक जास्त, पण आपले डॉक्टर भाऊ दाजी लाडही होते. बोरघाटाचं काम चालू होतं त्या काळात बाहेरगावचे फोटो बहुतेक काचेवर काढत. काचेला औषध लावायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळायच्या आत काळोख्या तंबूत नेऊन धुवायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. आपल्याकडच्या उन्हात तर काच आणखी लवकर वाळायची. म्हणजे फोटो काढायला निघालेल्याने तंबू, बाटल्या, पाणी, काचा, सगळं बरोबर न्यायचं. न्यायचं म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावरून. सॅम्युअल बोर्न हा साहेब 1864 मध्ये काश्मीरचे डोंगर टिपायला गेला, तेव्हा त्याच्याबरोबर चाळीसएक हमाल होते. फोटोत बर्फ आहे, देवदार आहेत, नदी आहे. ओझं मात्र नाही.

घाटातही तसंच. 1861 च्या सुमारास बोरघाटावर चाळीस हजारांच्या वर माणसं राबत होती. कुटुंबंच्या कुटुंबं आलेली. पुरुष सुरुंग लावायचे, खडक फोडायचे. बाया आणि पोरं पाट्या वाहायची. पटकीच्या साथीत आणि तापाने हजारो माणसं घाटातच संपली. एक बाई कॅमेऱ्यामागे होती, तिचं नाव आपण आज घेतो. त्याच डोंगरावर पाटी घेतलेल्या हजारो बाया होत्या, त्यांतल्या एकीचंही नाव आपल्याला घेता येत नाही. अॅलिसबाईंचं कौतुक आम्हाला आहेच, परक्या मुलखात नवरा गेल्यावर एवढा ठेका पुरा करणं सोपं नाही. पण ही दुसरी गोष्टही सांगायला हवी.

पुढे होमाई व्यारावाला आल्या. जन्म 1913 चा, नवसारीचा. मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकल्या. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना ओळखतात. 1938 च्या सुमारास त्यांचे पहिले फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आले. कशाचे? बायकांच्या सहलीचे! एका फोटोला एक रुपया मिळाला. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापले जात, कारण बाई आणि त्यातून अनोळखी. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या 97 वर्षांच्या होत्या.

आपल्या आया-आज्यांची सहल म्हणजे जत्रा. तिथे फोटोवाल्याच्या तंबूत पडद्यावर रंगवलेली बाग असायची, कारंजं असायचं, नाहीतर ताजमहाल. त्यापुढे ताठ बसायचं. बाग पाहायला जाणं जमलं नाही तर बागच गावात यायची. आम्हाला ते फोटो फार आवडतात.

आता आमच्या कामोठ्याचं सांगतो. इथे भाताची शेतं होती, खाडीकडे खाजण होतं. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं नवी मुंबईसाठी घेतली, त्यांत आमचं गाव. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला, दास्तान फाट्यावर शेतकरी उतरले. गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं. आज शेतांच्या जागी सेक्टर आहेत, मानसरोवर स्टेशन आहे, 2016 पासून पनवेल महानगरपालिका आहे.

त्या शेतांचे फोटो कुठे आहेत? सरकारी नकाशात गट नंबर सापडतो, शेत दिसत नाही. फिरायला येणारा माणूस महाबळेश्वर टिपतो, कामोठ्याचा बांध कशाला टिपेल? आणि आपलं रोजचं शेत कोणी फोटोत धरत नाही. गावात कॅमेरा यायचा तो लग्नाला. म्हणून आम्ही जुन्या लग्नाचे फोटो काढून बसतो तेव्हा नवरानवरीकडे कमी आणि कडेला जास्त बघतो. मांडवाच्या मागे पेंढ्याची उडवी दिसते. कोपऱ्यात एखादी बाई हंडा घेऊन चाललेली असते. ‘ही कोण गं?’ म्हणून विचारलं की म्हातारी चष्मा पुसते, फोटो खिडकीकडे धरते, आणि मग नाव सांगते. कधी शेताचंसुद्धा नाव सांगते. शेतांना नावं होती, मैत्रिणींनो, सेक्टरसारखे आकडे नव्हते.

विमानतळासाठी जवळच उलव्याची टेकडी कापली, दहा गावं हलवली. ती टेकडी निदान पुष्कळांच्या मोबाईलमध्ये आहे. पण मोबाईल बिघडला की फोटो गेले, म्हणून निवडक फोटो कागदावर छापून घेतलेले बरे. तुमच्या गावात रस्ता, धरण, कारखाना यायची बोलणी असतील तर खळं, पाणवठा, बांधाची झाडं आधी टिपून घ्या. काम करणाऱ्या बाईला विचारून तिचाही फोटो घ्या. मागे तिचं नाव, जागेचं नाव आणि साल लिहा. लिहायचं ते शिसपेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने. पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते.