पूजेतली सुपारी आणि सिस्टरचा टॉर्च

मी मनीषनगरचा. इथल्या पानठेल्यांवर खर्रा घोटताना कुणाला विचारा, दोष तंबाखूलाच देईल. सुपारी बिचारी पूजेतली! पण इतिहास वेगळं सांगतो.

१९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातला एक आजार नोंदवला. पुढच्याच वर्षी डॉ. जोशींनी तो भारतात नोंदवला. गालाची आतली त्वचा ताठरते, सावजीचा घास सहन होत नाही, हळूहळू तोंडच उघडत नाही. हाच सबम्यूकस फायब्रोसिस; त्याचं मुख्य कारण सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूचा विडा कर्करोगकारक ठरवला आणि २००४ मध्ये नुसती सुपारीसुद्धा.

महाराष्ट्रात २०१२ ला गुटखाबंदी झाली. पण ठेल्यावरच्या पन्नीतला खर्रा काही थांबला नाही.

म्हणून कायद्याइतकाच नर्सिंगचा वर्ग महत्त्वाचा. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय धोरणानुसार तिशीपुढच्या लोकांची मुखतपासणी गावपातळीवर एएनएम सिस्टरने करायची आहे. टॉर्चच्या उजेडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम तिला ओळखता यायला हवी. ‘खर्रा खाता का भाऊ?’ हे न रागावता विचारताही यायला हवं. रागावलं की माणूस लपवतो. ताठरलेलं तोंड सहसा पूर्ववत होत नाही, पण खर्रा वेळेत सुटला तर पुढचं बरंच टळतं.

आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का, आजच पाहा. जात नसतील तर मेडिकलच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवून या.