जुन्या कन्व्हर्टिबलची दोन दुखणी : पॉवर स्टीअरिंग आणि पाण्याची गळती

छत उघडून मोकळ्या हवेत भटकंती करण्याची सोय देणाऱ्या कन्व्हर्टिबल मोटारीचे आकर्षण वाहनप्रेमींना नेहमीच वाटत आले आहे. नवी कन्व्हर्टिबल सामान्य खिशाला परवडत नाही. त्यामुळे परदेशात अनेक जण वीस-तीस वर्षे वापरलेल्या मोटारीकडे वळतात. ब्रिटन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात वास्तव्य असलेल्या मराठी वाहनप्रेमींपुढेही हाच पर्याय असतो. अशा मोटारीच्या मालकाला दोन तक्रारींना हमखास सामोरे जावे लागते. स्टीअरिंग जड होते किंवा कुरकुरते, ही पहिली. आणि पावसानंतर पायाखालचा गालिचा ओला सापडतो, ही दुसरी. दोन्ही तक्रारी आरंभी क्षुल्लक भासतात. मात्र पहिलीचा संबंध थेट मोटारीवरील नियंत्रणाशी आणि दुसरीचा मोटारीच्या सांगाड्याशी आहे.

या दुखण्यांचा अभ्यास करण्यासाठी माझदा एमएक्स-५ या जपानी मोटारीच्या पहिल्या पिढीचे उदाहरण सर्वांत सोयीचे ठरते. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ही दोन आसनी मोटार प्रथम सादर झाली. अमेरिकेत ती मियाटा, तर जपानमध्ये युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. पहिल्या पिढीचे उत्पादन १९९७ पर्यंत चालले. २०१६ मध्ये या मालिकेतील दहा लाखावी मोटार कारखान्याबाहेर पडली. जुन्या मोटारी मोठ्या संख्येने आजही रस्त्यावर असल्याने त्यांच्या दुखण्यांची कारणे व उपाय आता चांगलेच ठाऊक झाले आहेत. हायड्रॉलिक स्टीअरिंग आणि कापडी छत असलेल्या अन्य बनावटीच्या जुन्या मोटारींनाही यांतील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

प्रथम द्रव ओळखावा

मोटारीखाली किंवा आत ओल दिसली की ती कशाची आहे, हे ठरविणे ही पहिली पायरी होय. रात्री मोटारीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून ठेवावा आणि सकाळी डागाचे निरीक्षण करावे. लालसर किंवा जुने झाले असल्यास तपकिरी, पातळ व तेलकट डाग पुढच्या भागात असेल, तर ते बहुधा पॉवर स्टीअरिंगचे तेल असते. एमएक्स-५ मध्ये यासाठी स्वयंचलित गिअरबॉक्सचे डेक्स्रॉन जातीचे तेल वापरले जाते. हिरवट किंवा रंगीत, बोटांना चिकट लागणारा व गोडसर वास येणारा द्रव म्हणजे इंजिन थंड ठेवणारे कूलंट. हे विषारी असल्याने मुले आणि पाळीव प्राणी यांना त्यापासून दूर ठेवावे. काळसर, दाट डाग इंजिन ऑइलचा असतो. वातानुकूलन यंत्रणा चालू असताना खाली टपकणारे निव्वळ पाणी हा दोष नव्हे.

हीच कसोटी आतल्या ओलीलाही लावावी. पुढच्या प्रवाशाच्या पायाशी ओल आहे, काचा वारंवार धुरकट होतात आणि आत गोडसर वास येतो, असे असेल तर दोष छताचा नसून हीटरच्या आतील जाळीचा असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी छताचे रबर बदलण्यावर केलेला खर्च व्यर्थ जातो.

स्टीअरिंग जड का होते?

हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगची रचना साधी आहे. इंजिनावरील पट्ट्याने एक पंप फिरतो. पंप तेलावर दाब निर्माण करतो. चालक स्टीअरिंग ज्या दिशेला वळवितो, त्या दिशेला झडपेतून हे तेल रॅकमधील दट्ट्याच्या एका बाजूस जाते आणि चाके वळविण्यास हातभार लावते. म्हणजेच टायर, पट्टा, तेल, पंप आणि रॅक या पाच ठिकाणी दोष असू शकतो. तपासणीही याच क्रमाने, स्वस्ताकडून महागाकडे करावी.

टायरमध्ये हवा कमी असेल, तर उत्तम पॉवर स्टीअरिंगही जड लागते. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ साठी मूळ आकाराच्या टायरमध्ये हवेचा दाब २६ पीएसआय सांगितला आहे. ही तपासणी फुकट होते, म्हणून ती सर्वप्रथम करावी.

त्यानंतर पट्टा पाहावा. या मोटारीत स्टीअरिंगचा पंप आणि वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर एकाच पट्ट्यावर चालतात. पट्ट्याला भेगा पडल्या आहेत का, तो चकचकीत झाला आहे का, त्यावर तेल सांडले आहे का, हे इंजिन बंद ठेवून पाहावे. चाके पूर्ण वळविताच किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर पट्टा घसरतो आहे असे समजावे. केवळ पावसात किंवा साचलेल्या पाण्यातून गेल्यावर स्टीअरिंग क्षणभर जड होते, यामागेही बहुधा ढिला झालेला ओला पट्टाच असतो. पट्टा किती ताणावा, याचे माप दुरुस्ती पुस्तिकेत दिलेले असते. गरजेपेक्षा अधिक ताणल्यास पंपाचे बेअरिंग झिजते.

तेलाची पातळी टाकीवरील खुणांच्या दरम्यान असावी. पातळी कमी असेल, तर पंप तेलाबरोबर हवाही ओढतो आणि घुंई असा आवाज करू लागतो. तेलावर फेस आला असेल किंवा ते दुधाळ दिसत असेल, तर यंत्रणेत हवा शिरली आहे हे निश्चित. केवळ वरून तेल घालून हा प्रश्न सुटत नाही. बंदिस्त यंत्रणेतील तेल वापराने संपत नसते. ते कमी झाले, याचा अर्थ ते कोठेतरी गळत आहे.

गळतीचा माग

गळती शोधताना तेलाने माखलेल्या यंत्राकडे नुसते पाहून काही समजत नाही, कारण वाऱ्याने तेल मागे पसरते. प्रथम सर्व भाग स्वच्छ करून कोरडे करावेत. नंतर इंजिन चालू करून एका व्यक्तीने स्टीअरिंग दोन्ही बाजूंना वळवावे आणि इंजिन बंद केल्यावर दुसऱ्याने विजेरीच्या प्रकाशात पाहणी करावी. दाब असलेल्या नळीवर हात फिरवून गळती चाचपू नये. तेलाची बारीक चिळकांडी त्वचेखाली शिरू शकते.

पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जास्त दाबाच्या नळीवर जेथे धातू आणि रबर एकत्र दाबलेले असतात, तो सांधा. टाकीकडे परत येणाऱ्या नळीची क्लिप. पंपाच्या आसाभोवतीचे सील. आणि पंपावरील दाबाचा स्विच. चाके वळविताना इंजिनावर भार येतो, तेव्हा त्याची गती सावरण्यासाठी हा स्विच संगणकाला संदेश देतो. त्यामुळे उभ्या मोटारीत चाके वळविताच इंजिन बंद पडू लागले, तर या स्विचकडे आणि त्याच्या तारेकडे लक्ष द्यावे.

शेवटची आणि सर्वांत खर्चिक जागा म्हणजे रॅकची दोन टोके. ही टोके चुण्यांच्या रबरी आवरणात झाकलेली असतात. आवरण हाताने दाबल्यावर आत तेल खळखळत असेल, तर रॅकचे सील गेले आहे. येथेच मोटारीची दोन्ही दुखणी एकत्र येतात. आवरण फाटले की रस्त्यावरचे पाणी व चिखल आत जातो, रॅकच्या दांड्यावर गंज धरतो आणि तो खरखरीत दांडा सील कापून काढतो. स्वस्तातले आवरण वेळीच न बदलल्याने महागडा रॅक बदलावा लागतो, तो असा. एकाच दिशेला वळविताना स्टीअरिंग जड लागते आणि बाहेर गळती नाही, अशा वेळी रॅकच्या आतील झडप किंवा सील दोषी असते. हे काम जाणकार कारागिराकडेच सोपवावे.

दुरुस्तीनंतर यंत्रणेतील हवा काढावी लागते. मोटारीचा पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवावा, केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये. इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश अनेकदा फिरवावे व पातळी खाली जाईल तसे तेल भरावे. बुडबुडे थांबल्यावर इंजिन मंद गतीत चालू करून हीच कृती पुन्हा करावी. चालू इंजिनावर स्टीअरिंग टोकाला पाच सेकंदांहून अधिक काळ दाबून धरू नये, कारण त्यामुळे तेल तापते आणि पंपाचे नुकसान होते. गळती थांबविण्याचा दावा करणारी रसायने रबर फुगवून तात्पुरता दिलासा देतात. झिजलेले सील त्यांनी बरे होत नाही.

पंपाचे साहाय्य थांबले, तरी चाकांशी असलेला यांत्रिक जोड कायम राहतो आणि मोटार वळविता येते. परंतु अचानक लागणारी अधिकची ताकद वळणावर घातक ठरू शकते. त्यातच गळणारे तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यास आगीचा धोका संभवतो. म्हणून वाहते तेल दिसत असताना मोटार रस्त्यावर आणू नये.

पाणी कोठून येते?

कापडी छतातून पाणी आत आले, की मालक प्रथम छतालाच दोष देतो. प्रत्यक्षात कित्येकदा छत शाबूत असते आणि पाण्याची वाट तुंबलेली असते. एमएक्स-५ च्या छतावरून मागे वाहणारे पाणी एका पन्हळीवजा पट्टीत जमा होते. तेथून ते आसनांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या निचरा नळ्यांवाटे मोटारीखाली पडते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या मोटारीत पाने, परागकण आणि धूळ यांचा लगदा होऊन या नळ्या बुजतात. मग पाणी उलट फिरून आसनांमागील गालिच्यावर आणि दाराखालच्या पोकळ उंबऱ्यात शिरते.

या उंबऱ्यांचे महत्त्व मोठे आहे. बंद मोटारीत छतही सांगाड्याचा भार उचलते. कन्व्हर्टिबलला छताचा आधार नसल्याने हा भार प्रामुख्याने उंबरे आणि तळ यांवर येतो. मागच्या चाकांच्या लगत पुढे उंबऱ्याला लागणारा गंज हा या मोटारीचा कुप्रसिद्ध रोग होय. बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा कुजलेला असतो. ब्रिटनमधील एमओटी या वार्षिक तपासणीत अशा ठिकाणच्या गंजामुळे मोटार नापास होऊ शकते. पत्रा कापून नवा जोडण्याचा खर्च कधी कधी मोटारीच्या किमतीलाही मागे टाकतो. जुनी मोटार खरेदी करताना इंजिनाच्या आवाजाआधी ही जागा तपासावी, असे जाणकार सांगतात ते याचसाठी.

नळ्यांची परीक्षा सोपी आहे. छत अर्धे उचलून प्रत्येक बाजूच्या छिद्रात अर्धा लिटर पाणी सावकाश ओतावे. ते मागच्या चाकापुढे लगेच खाली पडले पाहिजे. न पडल्यास वरचा कचरा हाताने काढून जाड, लवचीक नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत सरकवावी. टोकदार तार किंवा जोराच्या हवेचा झोत वापरू नये. नळी फाटली किंवा निखळली, तर पाणी थेट उंबऱ्यात जाते आणि उपाय अपायाहून वाईट ठरतो.

नळ्या स्वच्छ असूनही ओल राहिली, तर पाण्याची चाचणी करावी. एका व्यक्तीने विजेरी व कोरडी वर्तमानपत्रे घेऊन आत बसावे. दुसऱ्याने नळाचे पाणी, दाब न देता, खालून वर अशा क्रमाने एकेका भागावर काही मिनिटे सोडावे. वरून आरंभ केल्यास पाणी सगळीकडे ओघळते आणि नेमकी जागा सापडत नाही. काचेच्या वरच्या कोपऱ्यात पाणी आल्यास रबरी पट्टी आणि काचेची ठेवण पाहावी. छताच्या पुढील कड्या ढिल्या असल्यास त्या आवळता येतात. दाराच्या खालच्या कडेची छिद्रे बुजली असतील किंवा दाराच्या आतील प्लॅस्टिकचा पडदा फाटला असेल, तर पाणी दारातून आत झिरपते.

डिकीतील पाण्याची कारणे वेगळी आहेत. मागील दिव्यांची गॅस्केट, डिकीच्या झाकणावरील ब्रेकच्या दिव्याचे गॅस्केट आणि झाकणाभोवतीचे रबर या तीन जागा क्रमाने पाहाव्यात. या मोटारीची बॅटरी डिकीतच असल्याने तेथील ओलीकडे दुर्लक्ष करू नये. बदली बॅटरी घेताना तिचा वायू नळीवाटे बाहेर सोडण्याची सोय आहे, याचीही खात्री करावी.

पहिल्या पिढीची मागची काच प्रत्यक्षात पारदर्शक प्लॅस्टिकची असते. थंडीत ते कडक होते. छत उघडण्यापूर्वी तिची चेन सोडून ती सपाट खाली ठेवावी, अन्यथा घडीवर चीर पडते.

वाळविणे आणि जपणे

गळती थांबली तरी काम संपत नाही. गालिच्याखालचा स्पंज महिनोन् महिने ओल धरून ठेवतो. आसने व गालिचा काढून दोन्ही पूर्ण वाळवावेत, तळाचा पत्रा पाहावा आणि वायरिंगच्या जोडण्या कोरड्या कराव्यात. वरून हीटर चालवून गालिचा वाळविल्याचे समाधान फसवे असते.

वर्षातून दोनदा, पानगळ संपल्यावर आणि पावसाळ्याच्या तोंडावर, निचरा नळ्या साफ कराव्यात. त्याच दिवशी बॉनेट उघडून स्टीअरिंगच्या तेलाची पातळी, पट्टा आणि रॅकची रबरी आवरणे पाहावीत. रबरी पट्ट्यांना सिलिकॉनयुक्त द्रव लावावा. पेट्रोलियमयुक्त वंगणाने रबर फुगते. जुन्या कन्व्हर्टिबलचा सांगाडा आणि स्टीअरिंग शाबूत ठेवण्यासाठी वर्षातून दोन वेळा केलेली ही एवढी तपासणी पुरेशी ठरते.