पानिपत : पहाटे तीन ते दुपारी चार

धार-देवासच्या पवारांनी माळव्यात पाय रोवला तो हलक्या घोडदळाच्या जोरावर. 29 नोव्हेंबर 1728 रोजी अमझेऱ्याला, म्हणजे आजच्या धार जिल्ह्यात, मराठ्यांनी मुघल सुभेदार गिरधर बहादुराला अचानक गाठून मारले. पायदळापुढे टेहळणीचे काम तेव्हा स्वार करी. पानिपतावर धारचे यशवंतराव पवार उभे राहिले, तोवर ही विद्या शत्रूची झाली होती.

25 ऑक्टोबर 1760. अफगाण बादशहा अब्दाली बागपतपाशी यमुना उतरू लागला. मराठी फौज कुंजपुरा जिंकून उत्तरेकडे गेलेली, आणि उतारावर पाळत नाही. माझ्या मते पानिपत इथेच निम्मे हरले. दिल्लीची वाट तुटली. डिसेंबरात अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले अफगाण स्वारांच्या अचानक छाप्यात पडले. रोज संध्याकाळी अब्दालीचे 5000 स्वार मराठी छावणीच्या जवळ येऊन रात्रभर पहारा करीत. छावणीत बायकापोरे, यात्रेकरू, बुणगे. बाहेर गवताची काडी आणायला जाणेही जिवावरचे. माणसांबरोबर घोडीही उपाशी राहिली.

13 जानेवारी 1761, संध्याकाळ. सरदार आणि शिपाई सेनापती भाऊसाहेबांच्या डेऱ्याभोवती जमले. दोन दिवस पोटात अन्न नाही, असे मरण्यापेक्षा लढू द्या, एवढेच मागणे. विडे वाटले गेले. उरलेसुरले धान्य त्या रात्री शिजले.

पहाटे 3. अब्दालीच्या बाजूने आलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज भाऊंची शेवटची चिठ्ठी त्याला वाचून दाखवत होता. तेवढ्यात जासूद आले : मराठे खंदक सोडून निघाले. शुजा तडक अब्दालीकडे गेला. अब्दालीचा घोडा दाराशी खोगीर घालून तयार होता. खबर खरी की खोटी हे बघायला तो स्वतः पुढे गेला आणि घोड्यावरच कलियान (हुक्का) ओढत थांबला. मराठ्यांच्या तोफा गरजल्या तेव्हा नळी नोकराच्या हाती देत त्याने शुजाला शांतपणे सांगितले, की खबर खरी निघाली.

उजाडले. पागोट्यांचे शेव सोडलेले, हातातोंडाला हळद फासलेली, अशी माणसे काशीराजाने पाहिली. डावीकडे इब्राहिमखान गारदी, मध्ये भाऊसाहेब आणि पेशव्यांचे पुत्र विश्वासराव, त्यांच्या लगत यशवंतराव पवार. बेत गोलाच्या लढाईचा होता : तोफांच्या आडोशाने सगळा जमाव दिल्लीकडे काढायचा. हलक्या स्वारीत वाढलेल्या फौजेसाठी ही शिस्त नवी होती.

दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे होते. गारद्यांनी अब्दालीच्या बाजूचे रोहिले कापून काढले. पेशव्यांच्या खास फौजेने, हुजुरातीने, अब्दालीचा वजीर शहावलीखान याची फळी फोडली. तो घोड्यावरून उतरून, तोंडात माती घालून, पळणाऱ्यांना हाका मारीत होता. पण जड तोफा मागे राहिल्या, आणि आपलेच स्वार पुढे घुसल्याने त्यांना मारा करता येईना.

दुपारी 1. अब्दालीने राखीव सुमारे 10000 स्वार वजिराकडे आणि आणखी एक तुकडी उजव्या बगलेला सोडली. त्याच्याकडे सुमारे 2000 जंबूरकांचे उंटही होते. पाठीवर छोटी फिरती तोफ बांधलेला उंट बसवायचा, बार काढायचा, उठवून दुसऱ्या जागी न्यायचा. मराठ्यांकडे या घडीला राखीव फौज नव्हती. पहाटेपासून रणात असलेली उपाशी घोडी आता चालेनात.

दुपारी 3 च्या सुमारास विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊसाहेब घोड्यावर चढून गर्दीत शिरले. थोड्याच वेळात फौज फुटली. पळणाऱ्यांमागे अफगाण स्वार होते आणि त्यांची घोडी ताजी होती.

भाऊसाहेबांच्या माणसांचे शौर्य कमी पडले असे मला कधीच वाटले नाही. त्यांना शत्रू कुठे आहे हे कळत नव्हते आणि शत्रूला त्यांची प्रत्येक हालचाल कळत होती. ही चूक नेतृत्वाची, आणि ती एका दिवसाची नाही.

यशवंतराव पवार त्या दिवशी रणात पडले. धारच्या गादीवर आलेले त्यांचे पुत्र खंडेराव तेव्हा अवघे अडीच वर्षांचे होते. पुढे देवासने 1818 मध्ये आणि धारने 1819 मध्ये तह करून इंग्रजांचे संरक्षण घेतले.