आतड्याला अन्न हवं, पण कधी आणि किती?

पेपर हातात आला की आपण आधी निष्कर्ष वाचतो आणि पुढे सरकतो. मीही तेच करायचो. माझी ही सवय एका प्रश्नाच्या इतिहासाने मोडली. रुग्ण अत्यवस्थ असताना त्याच्या पोटात अन्न घालावं का, हा तो प्रश्न.

सुरुवात 1822 ची. अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक बुजलंच नाही. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून कित्येक वर्षं निरीक्षणं केली आणि 1833 मध्ये ती छापली. अन्न आत गेलं की जठराचं अस्तर लालबुंद होई. म्हणजे काय, तर अन्न रक्ताला बोलावून घेतं.

1968 मध्ये स्टॅन्ली डड्रिक आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याची पिल्लं केवळ शिरेतून दिलेल्या पोषणावर वाढवून दाखवली. आता आतड्याला वगळणं शक्य झालं. पण 1992 मध्ये कुडस्क यांच्या गटाने पोटाला जबर मार लागलेल्या 98 रुग्णांचा अभ्यास मांडला. नळीने आतड्यात अन्न दिलेल्यांना न्यूमोनियासारखे संसर्ग कमी झाले होते. आतडं वापरात ठेवा, हे मत बळावलं.

आता शॉकमधला रुग्ण बघा. रक्तदाब कोसळला की शरीर हृदय आणि मेंदू सांभाळण्यासाठी आतड्याचं रक्त आखडतं. आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांच्या टोकांना प्राणवायूची टंचाई आधी जाणवते. अशा वेळी अन्न दिलं तर रक्तप्रवाह वाढून आतडं वाचेल? की काम वाढेल, रक्त वाढणार नाही आणि आतडं मरेल? तर्क दोन्ही बाजूंनी बसतो. म्हणूनच चाचणी लागते.

ती फ्रान्समध्ये झाली. न्यूट्रिरिया-2, लॅन्सेट, 2018. 44 आयसीयू आणि व्हेंटिलेटरवरचे, शॉकमधले 2410 रुग्ण. 28 दिवसांतले मृत्यू नळीच्या गटात 37 टक्के, शिरेच्या गटात 35 टक्के. लक्षणीय फरक नाही. बरेच वाचक इथेच पेपर मिटतात. तुम्ही खाली या. रक्ताअभावी आतड्याला इजा झालेले रुग्ण नळीच्या गटात 19, शिरेच्या गटात 5.

मग 1992 चा अभ्यास खोटा होता का? नाही. रुग्ण वेगळे होते. शिवाय न्यूट्रिरिया-2 मध्ये सुरुवातीपासूनच जवळपास पूर्ण उष्मांक देण्याचं लक्ष्य होतं. 2023 च्या न्यूट्रिरिया-3 मध्ये पहिल्या आठवड्यात उष्मांक आणि प्रथिनं कमी ठेवली, तेव्हा आतड्याची ही इजाही कमी दिसली. आज शॉक आटोक्यात नसेल तर थांबतात आणि तो सावरला की थोड्या मात्रेने सुरू करतात.

तेव्हा पुढचा पेपर उघडाल तेव्हा तीन गोष्टी वहीत लिहा: कोणता रुग्ण, कोणती वेळ, किती मात्रा. आणि दुष्परिणामांचा तक्ता वाचल्याशिवाय पेपर मिटू नका. ते 19 जण तिथेच सापडतात.